ईश्वरकाकांची कॅमेलिया

ईश्वरकाका गेले आणि त्यांची कॅमेलिया झुरणीस लागली. रेल्वेच्या नोकरीत असताना उत्तर बंगालच्या डोंगरपायथ्याहून ते रोप त्यांनी मांडीवर सांभाळत भंडाऱ्याजवळच्या कारध्याला आणले होते. इथला उन्हाळा त्याला मानवणारा नव्हता; पण विहिरीकाठच्या ओलसर सावलीत काकांनी ते कुंडीत जगवले, आणि हिवाळ्यात त्याला मेणासारखी गुलाबी फुले येऊ लागली. त्यांच्या पश्चात पत्नी मंदाबाईंनी मायेपोटी सकाळ-संध्याकाळ इतके पाणी घातले, की मुळे कुजली.

"झाड तं गेलंच," शेजारच्या धर्मेंद्राच्या रोपवाटिकेत कुंडी टेकवत त्या म्हणाल्या. "एखादी फांदी वाचव, बाबू. त्याईच्या हातचं घरात एवढंच जित्तं हाय."

धर्मेंद्राने कुंडी सावलीत ओढून घेतली. त्याची रोपवाटिका काकांच्याच विहिरीवर उभी होती. न मागता त्यांनी पाणी दिले होते, आणि धर्मेंद्राचे आभार मात्र ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिले होते.

श्रावणात त्याने शेंड्याच्या हिरव्या, अर्धवट जून झालेल्या फांद्या कापल्या. प्रत्येकीच्या बुडाशी साल किंचित खरवडली, मूळ फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या भुकटीत बूड टेकवून जास्तीची भुकटी झटकली, आणि वाळू-कोकोपीटात खोचून वर प्लास्टिकचे झाकण घातले. मूळ झाड पोळ्याआधीच वाळून गेले. आता जे काही उरले होते, ते त्या झाकणाखाली होते.

पुढे एका दुपारी तो भंडाऱ्याहून कुंड्या घेऊन परतला, तर झाकण बाजूला काढलेले, आणि साऱ्या फांद्या उपटून, गवताच्या काडीने बांधून, नीटस जुडी करून ठेवलेल्या. शेजारी मंदाबाई समाधानाने बसलेल्या.

"तुयं काम हलकं केलं. पऱ्हे उपटून ठेवले, आता रोव."

"काकू, हे धानाचं रोप नोहे जी..." कुंड्या तिथेच टाकून तो धावला.

मंदाबाईंचा चेहरा उतरला. "उपटल्याबिगर रोवनी कशी होईन? आमचा तं जलमच धानाच्या रोवनीत गेला. मेले का रे सारे?"

त्याने जुडी सोडली. काही फांद्यांच्या बुडाशी मुळे फुटण्याआधीची पांढरट गाठ धरली होती. काहींना केसासारखी मुळे फुटली होती, त्यांतली बरीच तुटलेली. रागावण्याजोगे बरेच होते. पण त्याने बांबूच्या काडीने वाळूत पहिले भोक पाडले आणि तो म्हणाला, "मी भोकं पाडतो. रोवा तुमी. मुळाले धक्का नका देऊ."

मंदाबाईंनी एकेक फांदी अशी सोडली, जणू झोपलेले लेकरू खाली ठेवत होत्या.

बहुतेक फांद्या काळ्या पडल्या. दिवाळीनंतर मात्र तीन फांद्यांना कोवळा, तांबूस फुटवा दिसला. मंदाबाईंनी बोटाच्या टोकाने एकेक फुटवा हलकेच शिवून पाहिला.

"तुये उपकार कसे फेडू, बाबू?"

"माये कसले?" धर्मेंद्र खाली पाहत म्हणाला. "काकाईनं पानी देल्लं म्हनून हे सारं उभं हाय. मी त्याईले कधी... बोललोच नाई."

"त्याईले मालूम होतं," पदराने डोळे टिपत मंदाबाई हसल्या. "म्हनत, पोरगं मुकं हाय, पन रोज सांजेले विहिरीतला पालापाचोळा काढून जाते."

धर्मेंद्राने फवारणीचा पंप उचलला. पानांवर धुके सोडताना समोरचे सारे त्याला अंधूक दिसत होते, आणि डोळे पुसावेसे त्याला वाटले नाहीत.