बोथट म्हणून बदनाम झालेला विळा

मित्रांनो, कुडाच्या भिंतीत खोचलेला हा म्हातारा म्हणजे मी, सावली गावाजवळच्या सुगंधाबाईचा विळा. लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या पाट्यातून घडवलं. तरुणपणी माझी धार अशी, की मला बघूनच अर्धं धान भिऊन आडवं व्हायचं. हसू नका, बांधावरच्या बगळ्यांना विचारा! कापणीत बाई सर्वांत पुढे आणि बाकीच्या बाया मागे, हा तिचा मान होता.

मागच्या हंगामात मात्र बाई शेतात उशिरा येऊ लागली. मी तिच्या हातातून निसटू लागलो. "इळाच बोथट हाये," ती सगळ्यांना सांगे. मला धार लावली, मूठ बदलली, मुठीवर चिंध्या गुंडाळल्या. तरी बोल मलाच! चारचौघींत मान खाली घालावी लागे.

एक दिवस मागे कापणारी रुखमा ओरडली, "काऊन व सुगंधाबाई, नव्या नवरीवानी चालून राह्यली? आण तो इळा!" तिने मला घेतलं आणि सरसर पेंढीभर धान कापलं. "हा तं लोण्यात चालल्यावानी चालते! मंग बोथट कोन हाये?"

बाया खदखदून हसल्या. सुगंधाबाईने हात पदराखाली लपवले. माझी अब्रू राहिली, पण तिची गेली. उन्हात चमकायचीही मला शरम वाटली.

रुखमाने बाईचे हात ओढून पाहिले आणि तिचं हसू विरलं. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सारखीच सुजलेली, गरम.

"सकाळी मूठच वळत नाई व," बाई पुटपुटली. "चुलीपाशी शेकत बसा लागते. ऊन वर आल्यावर बोटं मोकळी होते. पायाचे तळवेबी ठणकते. पुढचा मान जाईन म्हनून बोलली नाई."

"येडी! माह्या मायनं असंच लपवलं, तिची बोटं वाकडीच राह्यली. चाल दवाखान्यात!"

रुखमाने मला परत बाईच्या कमरेला खोचलं होतं, म्हणून दवाखान्यातलं सगळं मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त तपासू, पण मला हा संधिवात वाटतो. वेळेवर आलात. औषध नीट घेतलं तर सांधे वाचतील."

आता कापणीत रुखमा पुढे असते. बाई तिच्या मागे, हळू कापते, आणि हात दुखला की तसं मोठ्याने सांगते.

मित्रांनो, घरातलं कुणी सकाळी बराच वेळ आखडून बसत असेल, सांधे सुजूनही हात लपवत असेल, तर त्याला हसू नका. लवकर डॉक्टरांकडे न्या. मी झिजलो तर बाजारात दुसरा विळा मिळेल. बोटं मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाहीत.