भोंगा वाजला तरी कशालाही हात लावायचा नाही

कमळाबाईंना घर विकायचं होतं ते झोपेसाठी. रात्रीची झोप शाबूत होती. गेली होती ती दुपारची. गावामागच्या चुनखडीच्या खाणीत रविवार सोडून रोज दुपारी सुरुंग उडायचे. आधी भोंगा वाजायचा, मग जमिनीतून धप्प असा दणका यायचा, आणि घर एकदा अंग झटकून पुन्हा जागच्या जागी बसायचं. जेवून, भांडी आवरून कमळाबाईंनी डोळा मिटायला आणि भोंगा वाजायला हटकून एकच वेळ यायची. नागभीडकडे, बहिणीच्या गावात, त्यांनी एक लहानसं घर बघून ठेवलं होतं. तिथे दुपारी फक्त कोंबड्या ऐकू येतात, असं बहीण म्हणायची. कोंबड्यांचं काही नाही. त्यांच्या ओरडण्याने भिंत हलत नाही.

पुण्याच्या जावयाने, निकेशने, फोनवर सुचवलं की घर विकायला काढण्याआधी एखाद्या इंजिनिअरकडून तपासून घ्या. रिपोर्ट दाखवला की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही. कमळाबाईंच्या नवऱ्याला, धनराजभाऊंना, हे पटलं. त्यांनी चंद्रपूरहून दिव्यानी नावाच्या इंजिनिअर मुलीला बोलावलं आणि फोन ठेवल्याबरोबर घाबरले.

"कमळे, तिनं रिपोर्टात घर हलते असं लिहिलं तर?"

"हलते तर लिहीलच ना."

"तिच्यासमोर हललं नाई पाहिजे."

"मंग घराले सांगा."

घरापेक्षा माणसांना सांगणं जास्त अवघड होतं. टीव्ही खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने बांधलेला होता, तो सोडता आला. वर्षानुवर्षं जमिनीवर बसलेली पितळेची भांडी फळीवर चढवता आली. पण भोंगा वाजला की दोघांचे हात आपोआप उठायचे. कमळाबाई काचेची शोकेस धरायच्या, धनराजभाऊ पाण्याचा माठ. चालू असलेलं बोलणं न तोडता धरायचे, दणका झाला की सोडायचे. आपण असं काही करतो हे त्यांना पाहुण्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं.

"ती दुपारच्या आत गेली तर बरं," धनराजभाऊंनी बेत मांडला. "थांबली तर भोंगा कारखान्याच्या सुट्टीचा आहे म्हणायचं. अन् मी माळ्यावर गव्हाचं पोतं घेऊन बसतो. भोंग्यानंतर बेताबेतानं खाली टाकतो. घर पोत्यानं हललं म्हणू."

"अन् मी?"

"तू कशालेच हात लावू नको."

त्यांनी तोंडाने भोंगा वाजवून सराव घेतला. कमळाबाईंनी शोकेस धरली.

"धरू नको म्हटलं ना वं!"

"तुम्ही आधी माठ सोडा."

मंगळवारी दिव्यानी आली ती उशिराच, टॉर्च आणि एक चिमुकली हातोडी घेऊन. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तशी ती भिंतीवर हातोडी वाजवत, कान देऊन ऐकत फिरली. खांब बघितले, स्लॅब बघितला, पाया बघितला, आणि मधल्या खोलीत येऊन थांबली.

"काकाजी, एका खोलीत चार कॅलेंडर?"

"तारीख चुकू नये म्हणून."

"यात एक मार्चवरच आहे."

"मार्च आमच्याकडे महत्त्वाचा असते."

"आणि हे तिरपं काऊन लावलं?"

ते तिरपं होतं, कारण त्याच्यामागची भेग तिरपी होती. धनराजभाऊ हे सांगू शकत नव्हते. "वरून काहीतरी काढायचं आहे," असं म्हणून ते घाईघाईने शिडीवरून माळ्यावर गेले. दिव्यानीने एका बोटाने कॅलेंडर उचललं, भेग बघितली, आणि तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण केली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

"कारखान्याचा आहे," कमळाबाई म्हणाल्या, "सुट्टीचा." त्यांनी हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. हात सुटले. त्यांनी पदराचं टोक पकडलं. पदरही सुटला.

सगळं घर वाट बघत राहिलं. फळीवरची भांडी वाट बघत राहिली. दणका आलाच नाही.

माळ्यावर धनराजभाऊंचा धीर संपला. पोतं खाली आलं, फुटलं, आणि मधल्या खोलीभर गहू पसरला. धूळ खाली बसल्यावर दिव्यानीला दिसलं, की काका वासा धरून लटकले आहेत आणि काकू शोकेसला कवटाळून उभ्या आहेत.

"पोतं पडलं," वरून आवाज आला.

"पडलं नाही, काकाजी. तुम्ही टाकलं. मी बघितलं." मग ती कमळाबाईंकडे वळली. "काकू, तुम्ही हिला काऊन धरलं?"

कमळाबाईंना आता खोटं बोलायला सुचेना. "ते आलं नाई म्हणून."

"काय आलं नाही?"

मग सगळं सांगावं लागलं. दिव्यानी गव्हात उकिडवी बसून ऐकत होती. हसू येऊ नये म्हणून ती ओंजळीने गहू गोळा करत होती.

"घर चांगलं आहे," ती शेवटी म्हणाली. "भेगा फक्त प्लास्टरच्या आहेत. पण हलते हे मला लिहावंच लागेल."

"नको लिहू ना माय," कमळाबाई म्हणाल्या. "मले झोपायचं आहे."

"काकू, घर दिवसातून एकदा हलते, तेही भरदुपारी. त्या वेळेला घरी नसणारं गिऱ्हाईक बघा. त्याच्यासाठी हे घर हलतच नाही."

यावर बराच विचार करून धनराजभाऊंनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'पक्के घर विकणे आहे. दुपारी थोडे हलते. नोकरदारास प्राधान्य.'

रविवारी अंकुश नावाचा तरुण घर बघायला आला. त्याने रिपोर्ट शांतपणे वाचला, कॅलेंडर उचलून भेगा बघितल्या आणि मान डोलावली.

"जमते. दुपारी बायको शाळेत शिकवते, मी ड्युटीवर."

"कुठी ड्युटी?" चहा पुढे करत कमळाबाईंनी विचारलं.

"खाणीत. सुरुंगाचं बटन मीच दाबतो ना."

धनराजभाऊंनी बायकोकडे बघितलं. त्या नजरेत नागभीडचं घर होतं, बहिणीच्या कोंबड्या होत्या आणि कळकळीची विनवणी होती. कमळाबाईंनी ओठ मिटून घेतले. मग म्हणाल्या, "ह्या मंगळवारी काऊन नाई दाबलं?"

"मंगळवारी? हां! चैतूच्या म्हशी घुसल्या खाणीत. भोंगा दिला अन् थांबवावं लागलं."

"म्हणजे इतके वर्षं रोज दाबता, अन् थांबलात ते नेमकं आमचं पोतं फुटायले?"

मग त्या थांबल्या नाहीत. धनराजभाऊंनी डोळे मिटून घेतले; गिऱ्हाईक गेलंच होतं. पण अंकुश चहा पीत ऐकत होता.

"बोला बाई," तो म्हणाला. "गावात मले सगळेच बोलतात, पण रस्त्यात उभं ठेवून. तुम्ही खुर्ची दिली, चहा दिला. घर पसंत आहे मले."

धनराजभाऊ त्याला लगबगीने ओसरीवर घेऊन गेले. किंमत ठरली, इसार झाला, दोघांनी पेढा खाल्ला. धनराजभाऊ आत आले, तेव्हा कमळाबाई रिकाम्या खुर्चीला अजून सुरुंग सुरू झाले त्या पहिल्याच उन्हाळ्यातल्या दुपारींबद्दल सांगत होत्या.