एकतीस सप्टेंबरची एसटी

भोरच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल पद्मजाबाईंनी मुलांना नेटवरची माहिती तपासायला शिकवायचं म्हणून स्वतःच कॉलेजच्या नावाने एक खोटी सूचना बनवून वर्गातल्या पडद्यावर दाखवली: ‘३१ सप्टेंबरपासून पालीची मुक्कामी एसटी बंद.’ सप्टेंबरला एकतीस तारीख नसते हे एखाद्याच्या तरी ध्यानात येईल, एवढीच त्यांची अपेक्षा. कुणाच्या आलं नाही. उलट कार्ट्यांनी पडद्याचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला.

पुढच्या तासाला इरफान छाती काढून उभा राहिला. "बातमी खरीय, मॅडम. तुमी सांगितलं तसं तीन ठिकाणी तपासली. कामथडीच्या ग्रुपवर हाय, नसरापूरच्या हाय, भोरच्या पण हाय."

"आणि तिथे टाकली कुणी?"

"आमीच की!"

बाईंनी कपाळावर हात मारला. काय बोलावं या पोरांना! तेवढ्यात चैत्राली म्हणाली, "मॅडम, पालीची शिवानी आता येणार न्हाई. एसटी नसली तर पोरगी घरी कशी येणार, म्हणून तिच्या वडलांनी कॉलेजच सोडायला लावलं."

बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. त्यांनी लगेच फोन लावला, तर वडील, हनुमंतराव, ऐकायलाच तयार नाहीत. "फोनवरचं कसं खरं धरू, म्याडम? सूचनेवर तर तुमच्या कालेजचंच नाव हाय."

संध्याकाळी त्याच एसटीने बाई पालीत उतरल्या. गाडी आता सकाळीच परतणार, म्हणजे रात्र इथेच काढायची. चडफडत त्या हनुमंतरावांच्या ओट्यावर टेकल्या.

"बघा, आली की नाही एसटी?"

"आज आली. एकतीसनंतर?"

"अहो दादा, मूठ वळा. मोजा महिने!"

हनुमंतराव बोटांच्या उंचवट्यांवरून मोजू लागले. सप्टेंबर खाचेत आला, म्हणजे तीसच दिवसांचा. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा खाचेतच.

"मंग हे लिवलं तरी कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या. "पोरं पकडतील म्हणून. एकानेही पकडलं नाही हो!"

दारात शिवानी श्वास रोखून उभी होती. हनुमंतरावांनी तिला जवळ बोलावलं आणि आपली मूठ तिच्यापुढे धरली.

"आता तू मोज. बरोबर आलं तर सकाळी म्याडमसंगंच जा."