एकच गोळी

हिमानी देवस्थळी मूळची सांगलीची. लखनौच्या एका प्रयोगशाळेत ती बंदुका आणि गोळ्या तपासायची. अलीगंजात रमाकांत मिश्रांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. मिश्रांच्या पुतणीच्या लग्नात हवेत गोळीबार झाला आणि बँडवाल्याच्या दंडात गोळी शिरली. पोलिसांनी मिश्रांची बारा बोअरची बंदूक जप्त केली. आपल्याच हातून हे झालं, असं धरून म्हातारा चार दिवस नीट जेवला नव्हता.

दंडातून काढलेल्या गोळीचं पाकीट तपासणीसाठी तिच्याच टेबलावर आलं. आपण त्यांच्याच घरात राहतो, असं साहेबांना सांगून तिने ते सहकारी चंद्रशेखरकडे दिलं. पण मन लागेना. तो चहाला गेल्यावर तिने त्याच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलाच.

शिशाच्या गोळीवर तिरक्या रेघा होत्या. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, ती अशा रेघा उमटवत नाही. ही गोळी रिव्हॉल्व्हरची होती. लग्नात रिव्हॉल्व्हर एकाच्याच हातात तिने पाहिलं होतं: मिश्रांचा मुलगा सौरभ.

संध्याकाळी मिश्रा जिन्यात बसले होते. त्यांनी विचारलं, “बिटिया, मेरी ही गोली थी न?”

रिपोर्ट यायचाय, एवढं सांगून ती वर गेली. कुकर लावला, बंद केला, बाल्कनीत गेली, परत आली. शेवटी खाली उतरली.

“अंकल, आपने कारतूस कौन-सा डाला था?”

“छर्रे वाला. चिड़ियों वाला.”

मग ते थांबले. दंडातून डॉक्टरांनी एकच गोळी काढल्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बारीक छर्रे असते तर अंगभर विखुरले असते. त्यांनी सौरभच्या खोलीकडे पाहिलं आणि ते उठून आत गेले.

सकाळी ते सौरभला स्कूटरवर मागे बसवून ठाण्यात गेले. सौरभने सगळं कबूल केलं. वडील अडकले तरी तो गप्प राहिला होता.

हिमानीने आपण काय पाहिलं, काय विचारलं, ते साहेबांना सांगितलं. लेखी खुलासा द्यावा लागला, आणि अशी कामं काही महिने तिच्याकडून काढून घेण्यात आली. मिश्राकाकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती जानकीपुरमला खोली बघायला लागली, तेव्हा मिश्रा धापा टाकत वर आले.

“घर मत छोड़ना,” ते म्हणाले. “मैं चैन से खाना खाने लगा हूँ.”

पण खाली जाताना ते सौरभच्या खोलीच्या दारापाशी थांबले.