नडगीतलं दुखणं

"बोट ठेवून दाखवा, नेमकं कुठं दुखतं?"

मीटरवाल्या बाईंनी नडगीवर एक बोट ठेवलं, मग दुसरं, मग अख्खा तळहातच फिरवला. "असं सगळीकडं. वीतभर."

"मग बरंय," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

बाई चमकल्या. बावीस वर्षं त्या विजेची मीटरं वाचत जिने चढत होत्या. अंगात ताप असतानाही काम अर्धवट टाकून कधी परतल्या नव्हत्या. पण दुखण्याला बरं म्हणणारं माणूस आजच भेटलं.

"वीतभर दुखतं ते बहुतेक ताणामुळं. एकाच ठिपक्यात दुखायला लागलं, तर मात्र हाडाला बारीक तडा असू शकतो. तसं झालं तर तिथंच थांबायचं. धावायला लागून किती दिवस झाले?"

"महिना. मुलीनं दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलंय, माझं आणि तिचं. म्हणून पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर पळाले."

"एकदम? बरं, एका पायावर उभ्या राहा बघू."

बाई उभ्या राहिल्या, तर कंबर एका बाजूला कलली.

"खुब्याचे स्नायू कमजोर आहेत. त्याचा भार नडगीवर येतोय."

"अगं बाई! दुखतंय खाली आणि चोर वर?" बाईंना हसूच फुटलं.

दोन आठवडे धावणं बंद झालं. भांडी घासताना त्या एका पायावर उभ्या राहू लागल्या. पुढं एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं हळूहळू वाढवलं. आता जिन्यात त्यांचं लक्ष लोकांच्या पावलांकडंच जाई. एकदा नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या डाव्या चपलेची टाच जास्त झिजते हो."

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज दिसली होय?"

तीन महिन्यांनी शर्यत झाली. मुलगी केव्हाच पुढं निघून गेली. सातव्या किलोमीटरला बाईंची नडगी ठणकली. सवयीनं त्या तशाच शंभर पावलं रेटत गेल्या. मग वाकून त्यांनी चाचपलं. बोटाच्या टोकाखाली, नेमकी एकच जागा. दाबली तशी कळ थेट डोळ्यांत आली.

त्या कडेला झाल्या. थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. "आई, मी पोचले. तू कुठायस? पडलीस का?"

"नाही गं. थांबले."

फुटपाथवर बसून त्यांनी छातीवरच्या नंबराच्या चारही पिना काढल्या, एकेक नीट मिटवली आणि कागद न चुरगाळता त्याची घडी घातली.