पुसून ठेवलेले रॉड

माझा जोड उजेडात धरून बाबा म्हणाले, "वा! पीठ चाळायला घेऊ का?"

मला हसू आलं नाही. दोन लोखंडी पट्ट्यांमधला वेल्डिंगचा जोड कसा चकचकीत, एकसारखा हवा. माझा काळपट, फुगलेला आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांनी भरलेला. लोखंडी टाक्यांच्या कारखान्यात टिग वेल्डरची भरती होती. वयाच्या अटीत मी या वर्षी कशीबशी बसत होते, पुढच्या वर्षी बसणार नव्हते. बाबांचं लेथचं वर्कशॉप बंद पडलं, पाठोपाठ माझा पॅकिंग विभाग, आणि आम्ही दोघं दिवसभर घरात एकमेकांच्या पायात यायला लागलो. मग बाबांनी कुठूनसं जुनं टिग मशीन आणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि मला 'फोरमन' म्हणायला सुरुवात केली.

थोडं क्लासमध्ये शिकले, थोडं मोबाइलवर. भोकं का पडतात याची मी पार उलटतपासणी घेतली. जोडाला झाकणारा आर्गॉन गॅस वाऱ्याने उडतो म्हणे, म्हणून पंखा बंद, दार बंद, उकडून निघाले. भोकं तशीच. गॅस वाढवला. मग कळलं की जास्त गॅसनेही घोटाळा होतो, म्हणून कमी केला. गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा येईल तर शपथ. पट्टीवरची काळी खपली ग्राइंडरने पांढरी होईस्तोवर घासली. वेल्डिंगच्या टॉर्चमधल्या टंगस्टनचं टोक सारखं घाण व्हायचं, ते पेन्सिलीसारखं तासून घेतलं. करंट वाढवला तर पट्टीलाच भगदाड. सिलिंडरसुद्धा बदलून आणला. तरी वितळलेल्या लोखंडात रॉड बुडवला की तडतड, ठिणग्या, आणि मी दचकून टॉर्च मागे घ्यायचे.

"हात स्थिर ठेव," बाबा म्हणायचे.

"हात स्थिरच आहे. मशीनच भंगार आणलंय तुम्ही."

"मशीनला नावं ठेवू नकोस. ऐकतं ते."

संध्याकाळी मी वैतागून हातमोजे फेकायचे आणि आत जायचे. मागे बाबा शेड आवरायचे. झाडायचे, पुसायचे, वस्तू जागच्या जागी ठेवायचे. पाळी संपताना आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, त्यामुळे माझं तिकडे लक्षही नसायचं.

भरतीच्या परीक्षेला हेल्मेट, हातमोजे आणि रॉड ज्याचे त्याने आणायचे होते. निघताना बाबांनी रॉड ठेवायची नळी माझ्या हातात दिली. "सगळे नीट पुसून ठेवलेत. गंजाचा एक ठिपका सापडला तर नाव बदलीन."

परीक्षा घेणारे साहेब जाड भिंगाचा चष्मा लावलेले आणि बोलायला गोड होते. माझा जोड त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग माझ्या नळीतला एक रॉड काढून पांढऱ्या चिंधीने पुसला आणि चिंधी माझ्यापुढे धरली. तिच्यावर पिवळट पट्टा उमटला होता.

"ताई, रॉडला तेल कोण लावतं?"

मी चिंधी नाकाशी नेली. तो बाबांचा वास होता. त्यांच्या शर्टाला, उशीला, दाराच्या कडीला तोच वास; घरात तो इतका मुरलाय की वेगळा कळतच नाही. लेथवरचा माणूस लोखंड उघडं टाकून घरी जात नाही, तेलाचा हात फिरवूनच जातो. माझे रॉड ते रोज संध्याकाळी तेलाच्या चिंधीने पुसत होते. रॉड चमकायचे म्हणून मी त्यांना स्वच्छ समजले. पट्ट्या घासघास घासल्या आणि रॉडकडे ढुंकून पाहिलं नाही.

राग आला, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. एवढंच होतं तर! साहेब भला माणूस, त्यांनी स्वतःकडचे कोरे रॉड दिले, नवी पट्टी दिली. "पुन्हा करा. सावकाश करा."

रॉड बुडवला. तडतड झालीच नाही. पण हाताला तिची सवय झाली होती. तो आपणहून मागे उडाला, गॅसचं पांघरूण निघालं आणि भोकं पडली. पुन्हा बुडवला, पुन्हा उडाला. मनात हाताला दटावलं, विनवलं, शिव्या घातल्या. गॅस ठीक, मशीन ठीक, रॉड ठीक. दोष द्यायला आता कुणी उरलंच नव्हतं.

"हात चुकीचा बसलाय, ताई," साहेब म्हणाले. "सवय मोडायला वेळ लागेल." नेमका तोच माझ्याकडे नव्हता.

घरी बाबा दारातच उभे होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. वाटेत ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, पण तोंडातून निघून गेलं.

"रॉडला तेल होतं बाबा. तुम्ही लावलेलं. ते जळतं आणि भोकं पडतात."

ते खाटेवर बसले. तळवे पँटला पुसत राहिले. मला माझीच लाज वाटली. कोऱ्या रॉडनेही जमलं नाही, तुमचा काही दोष नाही, असं सांगणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"म्हणजे तेलच होतं? फक्त तेल? तुझा हात चांगला आहे ना?"

दोष आपल्या पदरात पडावा म्हणून कुणी इतकं काकुळतीला आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "फक्त तेल."

"मग सुटलं की!" ते उठलेच. "हात चांगला असला म्हणजे झालं. पुढच्या वर्षी बघ, बोलावून नेतील." वयाची अट ते विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, कोण जाणे.

वाटीत थिनर घेऊन ते शेडमध्ये बसले. एकेक रॉड पुसायचे, उजेडात धरायचे, पुन्हा पुसायचे. शेवटचा झाल्यावर सवयीने त्यांचा हात तेलाच्या चिंधीकडे गेला, थबकला, आणि त्यांनी ती कचऱ्यात टाकली. मग कोरडा ठणठणीत रॉड माझ्यापुढे धरला.

"चला फोरमन. मारा एक जोड. मला बघू दे."

त्यांनी स्वतःच मशीन चालू केलं आणि बघायला काळी काच डोळ्यांपुढे धरली. मी हातमोजे घातले. हेल्मेट खाली ओढलं आणि आतल्या अंधारात, टॉर्च न पेटवता, जमेल तितका वेळ तशीच उभी राहिले.