माशीला आवतण

निरगुडसरच्या धर्माजीची ज्वारी बघायला जाणारे-येणारे सायकल थांबवत. रान रस्त्याकडेचं आणि गडी हौशी. पिकात तण दिसलं तर त्याला जेवण गोड लागत नसे. सत्त्याण्णव साली सरकारी संशोधन केंद्रात ज्वारीच्या नव्या वाणांवर काम करणाऱ्या मोहिनीनं त्याच्याकडं चार गुंठे मागितले, तेव्हा त्यानं मोठ्या मनानं रस्त्यालगतचेच दिले. सरकारी ज्वारी आपल्या रानात म्हणजे नाव होणारच, असा त्याचा हिशेब.

झालं भलतंच. कोंब वर आले न आले तोच मोहिनीनं ओळींमधून सुकटीची भुकटी पसरली. त्या वासावर खोडमाशी येते आणि तिला माशीच हवी होती. माशीची अळी कोंब आतून खाते, मधला पोंगा वाळतो. जे वाण अंगच्या बळावर टिकतील त्यांचंच बी पुढं धरायचं, बाकीचं मरू द्यायचं, असं तिनं धर्माजीला नीट समजावलं. त्यानं मानही डोलावली. पण समजणं वेगळं आणि सोसणं वेगळं.

थोडे पोंगे पिवळे पडले मात्र, शेजारचा चिमाजी रोज थांबून खोचक चौकशी करू लागला. धर्माजीनं माशीला आवतण धाडलंय, असं गावभर झालं. धर्माजीला तोंड दाखवायची चोरी झाली. मोहिनी राजुरीला घरी गेली तेव्हा त्यानं पंप पाठीवर घेतला आणि सगळ्या तुकड्यावर औषध मारलं. पाहुणीचं पीक आपल्या रानात मरतं म्हणजे काय!

ती परतली तेव्हा हिरवं रान दाखवायला तो बांधावर उभाच होता. ती एकेका ओळीतून फिरून आली. रागावली असती तरी बरं झालं असतं.

"काका, यातलं आपल्या जोरावर कोण टिकलं आणि तुमच्या औषधानं कोण वाचलं, ते आता कसं ओळखू?"

आपल्या मोठेपणापायी पोरीचं वर्ष गेलं, हे त्याच्या काळजाला लागलं.

पुढच्या हंगामात ती त्याच वाणांचं राखून ठेवलेलं बी घेऊन आली. यंदा घरामागची, कुणाच्या नजरेला न पडणारी जागा द्या, असं तिनंच सुचवलं.

"तिकडं आंब्याची सावली लई. खरं-खोटं कळायचं न्हाई," धर्माजी म्हणाला. "हितंच पेरा."

भुकटी त्यानं स्वतः पसरली. पोंगे वाळू लागले आणि चिमाजी थांबला.

"शेती इसरलास का रं, धर्माजी?"

खुलासा अगदी जिभेवर आला होता. पण तो केला असता तर उद्यापासून मोहिनीची टिंगल झाली असती.

"व्हय," तो म्हणाला. "वय झालं आता."

चिमाजी गेल्यावर तो ओळींत उतरला. कडेच्या ओळीतले कोंब अजून ताठ होते. तो त्यांच्यापाशी उकिडवा बसला. एका पानावर माशी येऊन टेकली. हाकलायला उठलेला हात धर्माजीनं आवरला.